घरगुती कारणास्तव

नऊ नंबरच्या खाटेवरच्या म्हातारीच्या दंडाला छायानं पट्टा गुंडाळला, स्टेथोची चकती कोपराच्या आतल्या बाजूला टेकवली, फुगा दाबत काटा वर नेला आणि मग हवा हळूहळू सोडत ती ऐकत राहिली. काटा एकशेसाठवरून निघाला, एकशेचाळीस, एकशेवीस, शंभर. आवाज आला नाही. नव्वद, सत्तर, पन्नास. शेवटी काटा शून्यावर येऊन गप्प बसला आणि कानात नळ्या घातल्यावर जी एक घुमी शांतता असते तेवढीच तिला ऐकू आली. तिनं चकती जरा सरकवली, पुन्हा फुगा दाबला. दुपारचे चार वाजले होते, भेटायची वेळ होती, बायकांच्या वॉर्डात बाराही खाटांभोवती माणसं बसली होती आणि म्हातारीची सून हातातला डबा तसाच धरून छायाच्या तोंडाकडं बघत होती. दुसऱ्यांदाही काही आलं नाही. "किती हाये वो सिस्टर?" सुनेनं विचारलं. "चांगलं आहे," छाया म्हणाली, आणि चार्टवर चारच्या रकान्यात एकशेवीस-ऐंशी लिहून पुढच्या खाटेकडं गेली. एकोणीस वर्षांत हा आकडा तिनं इतक्या वेळा लिहिला होता की तो लिहायला डोकं लागत नव्हतं, हात आपोआप वळत होता. दहा नंबरच्या बाईचा ताप बघताना तिला वाटलं, परत जावं, पुन्हा एकदा घ्यावं. पण परत गेलं तर सून विचारणार, आता काऊन घेता? मग काय सांगायचं? ती पुढं गेली.

पाच वाजता वर्षाली औषधं द्यायला गेली. ही वर्षाली दोन वर्षांपूर्वी शिकून आलेली, बोलण्यात फटकळ, कामात चोख. तिनं नऊ नंबरचा हात धरला आणि तिथूनच ओरडली, "छाया सिस्टर, आनंदाबाई थंड लागून राह्यल्या!" मग धावपळ झाली. वरचं बीपी ऐंशी भरलं. जुलाब-उलट्यांनी आधीच सुकलेली ती म्हातारी खाटेत दिसेनाशी झाली होती. सलाईन जोरात सोडलं, पायथा उंच केला, डॉक्टर आले, आणखी एक शीर शोधली, ती शीर छायानंच शोधली, पहिल्याच टोचण्यात. तासाभरानं आनंदाबाईंनी डोळे उघडले आणि चहा मागितला. डॉक्टरांनी चार्ट बघितला. "चारला एकशेवीस होतं," ते म्हणाले, "म्हणजे अचानक पडलं. बरं झालं तुमचं लक्ष होतं, सिस्टर." आणि त्यांनी फाईलमध्ये तसं लिहिलं. छाया शेजारी ट्रे धरून उभी होती. अचानक हा शब्द तिला अगदी स्वच्छ ऐकू आला. डॉक्टर मोठ्यानं बोलतात, त्यांचं सगळंच ऐकू येतं.

संध्याकाळच्या पाळीनंतर ती पवनारची बस धरायची. त्या दिवशीही तिनं धरली. बसमध्ये इंजिनाचा खडखडाट, खिडक्यांच्या काचांचा थरथराट, कंडक्टरची आरोळी, आणि या सगळ्यात मागच्या बाकावरच्या दोन बायका सोयाबीनच्या गंजीवरून भांडत होत्या ते तिला शब्दन् शब्द कळत होतं. गेलं वर्षभर हे असंच चाललं होतं. गोंगाटात ऐकू यायचं आणि शांततेत यायचं नाही. घरी रात्री सगळीकडं सामसूम झाली की नवऱ्याचं, कैलासचं, बोलणं तोंडातल्या तोंडात वाटायचं, आणि स्वतःचं चघळणं मात्र कानात दगड फुटल्यासारखं वाजायचं. पोळीचा घास चावताना समोरचं माणूस काय बोललं ते कळायचं नाही, म्हणून ती जेवताना थांबून थांबून चावायची. सासू म्हणायची, दात दुखून राह्यले काय वो तुहे? तिनं हो म्हटलं होतं. दातावर ढकललं की कोणी पुढं विचारत नाही. पुढं एका सुटीच्या दिवशी ती सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन कान तपासून आली होती. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर टोपण लावलं, आवाज आला की बटण दाब म्हणाले. बराच वेळ बटण दाबायची वेळच आली नाही तेव्हा तिला कळलं की आवाज येत असणार. कानातलं बारीक हाड घट्ट होत चाललंय, खालच्या पट्टीतले आवाज आधी जातात, असं तिथल्या तरुण डॉक्टरनं कागदावर रेघ काढून समजावलं. ऑपरेशन होतं, यंत्र मिळतं, घाबरण्यासारखं काही नाही. घाबरली नव्हतीच ती. तिनं तो कागद घडी करून पर्सच्या चोरकप्प्यात ठेवला आणि वॉर्डात फुग्याचा काटा थरथरतो तो बघून आकडा धरायला शिकली. काटा थरथरायला लागला की वरचा, थांबला की खालचा. अंदाज बरा यायचा. आनंदाबाईंचा काटा थरथरलाच नव्हता, आणि हेही तिला दिसलं होतं. बस पवनारच्या पुलावर आली तेव्हा धाम नदीच्या पाण्यावर पुलाच्या दिव्यांचा उजेड हलत होता आणि छायाला पहिल्यांदा रडू आलं. तिनं ते पदरानं नीट पुसलं आणि उतरली.

नर्सिंगच्या शाळेत त्यांना एक ट्यूटर बाई होत्या. बुटक्या, गोऱ्या, नाकावर चष्मा, हातात कायम लाकडी पट्टी. त्या दोनच गोष्टींवरून मारायच्या, बाकी सगळं माफ. एक, जे पाह्यलं, जे ऐकलं, तेच लिहायचं. नाही ऐकलं तर नाही ऐकलं असं लिहायचं. दोन, लिहिताना चुकलं तर खोडायचं नाही, गिरगटायचं नाही, पांढरी शाई तर हातातच धरायची नाही. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिहायचं, सही करायची, तारीख टाकायची. चूक लपली की मरते ती चूक नसते, पेशंट असतो, असं त्या म्हणायच्या आणि पट्टी टेबलावर आपटायच्या. छाया त्यांची लाडकी होती. छायाचे कान म्हणजे कान, असं त्या वर्गात म्हणायच्या. एकदा एका बाईच्या पोटाला कर्णा लावून छायानं बाळाचे ठोके मोजले होते, दोघांचेही वेगळे वेगळे, कारण बाळं दोन होती आणि डॉक्टरला एकच वाटलं होतं. ती गोष्ट तिनं अपेक्षाला, म्हणजे आपल्या लेकीला, किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही. आता अपेक्षा पुण्याला शिकते, फोनवर म्हणते, आई, तू ओरडून काऊन बोलतं?

आनंदाबाई चार दिवसांनी घरी निघाल्या. आंजी गावच्या त्या. लेक गाडी घेऊन आला होता. दारापाशी जाऊन म्हातारी वळली आणि सवयीनं म्हणाली, "येतो वो बाई," आणि लगेच जीभ चावली. दवाखान्यातून निघताना येतो म्हणायचं नसतं. जगात सगळीकडं जातो म्हटलं की माणसं तोंडावर हात ठेवतात, येतो म्हण म्हणतात, पण इथं उलटं. इथं परत येणं कोणालाच नको. हे छायानंच शेकडो लोकांना शिकवलं होतं, हसत हसत, पाठीवर हात ठेवून. "जातो म्हणा आजी," तिनं म्हटलं. "जातो," म्हातारी म्हणाली, आणि पिशवीतून तुरीच्या शेंगा काढून तिच्या ओच्यात ओतल्या. "तुह्यामुळं वाचलो मी. सून सांगे, डॉक्टर म्हणे, सिस्टरचं ध्यान होतं म्हणून." तिनं छायाच्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. त्या शेंगा छायानं घरी नेल्या, उकडल्या, सगळ्यांना दिल्या, स्वतः एकही खाल्ली नाही. सासूनं विचारलं तर दात दुखतात म्हणाली.

राजीनामा द्यायचा हे त्या संध्याकाळी शेंगा सोलताना ठरलं. ठरलं म्हणजे काही विचारमंथन झालं नाही. एक शेंग सोलली, दाणे काढले, टरफल बाजूला टाकलं, आणि टरफलाबरोबर नोकरीही बाजूला पडली. मग उरला प्रश्न, कसा द्यायचा. या दवाखान्यात राजीनामा देण्याची रीत अशी की द्यायचाच नाही. पोरी एक दिवस येत नाहीत, दुसऱ्या दिवशी फोन बंद असतो, तिसऱ्या दिवशी कळतं की अमकी नागपूरला लागली, तमकीचं लग्न झालं. मागं राहिलेल्यांनी दुहेरी पाळ्या करायच्या आणि शिव्या द्यायच्या. स्वतः छायानं अशा किती पोरींच्या खाटा सांभाळल्या होत्या, ज्यांचा ओव्हर कोणी दिलाच नव्हता. पाळी संपली की खाटेखाटेपाशी उभं राहून पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवायचा, काय झालं, काय दिलं, काय बघायचं, याला ओव्हर देणं म्हणतात. ओव्हर न देता गेलेल्या बाईबद्दल छाया कधी चांगलं बोलली नव्हती. म्हणजे आपण नीट जायचं. कागद द्यायचा, महिनाभर थांबायचं, ओव्हर देऊन निघायचं.

दुसऱ्या दिवशी ती प्रभाकररावांकडं गेली, कानाचं सांगितलं आणि राजीनामा देते म्हणाली. मेट्रनची जागा वर्षभर रिकामी होती, त्यामुळं सिस्टर लोकांचं सगळं ऑफिसातले प्रभाकररावच बघत. माणूस वाईट नाही. खिशाला दोन पेनं, टेबलावर शाईचा पॅड, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरच्या कॅलेंडरकडं बघायची सवय. "आता हे काय काढलं जी छायाताई तुम्ही?" ते कॅलेंडरला म्हणाले. "कान का? मग ओपीडीत बसा ना. रजिस्टर लिहा. चिठ्ठ्या फाडा. त्याले कान कायले लागते?" छाया म्हणाली, विचार केला आहे. मग सुस्कारा सोडून त्यांनी खणातून एक छापील कागद दोन प्रतींत काढला. दवाखान्याचा राजीनाम्याचा नमुना. नाव, हुद्दा, रुजू तारीख, या रिकाम्या जागा. खाली ओळ छापलेली: मी घरगुती कारणास्तव माझ्या पदाचा राजीनामा स्वेच्छेने देत आहे. रिकामी जागा कारणापुढं नव्हतीच. "कारण लिहायला जागा नाही," छाया म्हणाली. "जागा कायले पाह्यजे? सगळेच जण हेच लिहितात, म्हणून छापूनच घेतलं." आणि ते मनापासून हसले. छायानं आनंदाबाईंची फाईल मागितली. चारच्या रकान्यात दुरुस्ती करायची आहे, म्हणाली. प्रभाकररावांचं हसू थोडं आत गेलं. फाईल रेकॉर्डला गेली, पेशंट बरा होऊन घरी गेला, आता त्या फाईलला कोणी हात लावत नाही, आणि लावूही नये, असं त्यांनी सांगितलं, आणि या वेळी ते कॅलेंडरकडं न बघता सरळ तिच्याकडं बघत होते.

तो नमुना तिनं घरी आणला. हा नमुना सोडला तर आता आपल्या हातात दवाखान्याचा दुसरा कुठलाच कागद नाही, हे बसमध्ये तिच्या ध्यानात आलं आणि ती पर्स घट्ट धरून बसली. जेवणं झाल्यावर कैलासनं तो दिव्याखाली धरून मोठ्यानं वाचला. कैलास शेती बघतो, आठवड्यातून तीन दिवस बाजार समितीत असतो, कागदपत्रांना घाबरत नाही. जयवंताबाई, म्हणजे सासू, भिंतीला टेकून वाती वळत होत्या. "काय म्हनलं?" त्या म्हणाल्या. "घरगुती काय?"

"घरगुती कारणास्तव, माय."

"म्हंजे?"

"म्हंजे घरचं काही कारण हाये म्हणून सोडून राह्यली."

"घरचं कोनतं कारन?"

जयवंताबाईंनी वाती खाली ठेवल्या. "मी अडवलं काय इले? का तू अडवलं? सकाळी साहा वाजता उठून इच्या डब्याच्या पोळ्या मी करतो. पोरगी झाली तं पंधरा दिवसांत इले कामावर धाडली, लोकं तोंडावर बोलले मले, मी आयकून घेतलं. एकोनीस वर्सं झाले. अन आता शेवटी कागदावर लिहून देते का घराच्यायनं सोडाले लावलं? घराच्या नावानं बिल फाडून राह्यली काय तू?"

"तसं नाही आई, छापलेलं आहे," छाया म्हणाली.

"छापलेलं हाये तं काय देवानं छापलं?"

छायाला हसू आलं, आणि हसतानाच तिनं सगळं सांगून टाकलं. चार वाजता, दोनदा घेतलेलं बीपी, न आलेला आवाज, एकशेवीस-ऐंशी, अचानक हा शब्द, शेंगा. दात दुखत नाहीत हेही सांगितलं. कैलास बराच वेळ कागदाची कड बोटानं सरळ करत बसला. "मले एक सांग," तो म्हणाला, आणि तिला ऐकू यावं म्हणून जरा जवळ सरकला, हे तिच्या लक्षात आलं. "खरं लिहिलं तं दुसरीकडं कोण ठेवन तुले? कानाचं ऑपरेशन होऊन जाईन, सहा महिन्यांनी पुन्हा काम धरशीन. पण हे एकदा कागदावर गेलं का गेलं. तुही सिस्टरकी खतम. एका शब्दानं कोणाचं काय जाते? सही करून टाक." त्यानं हे रागानं म्हटलं नाही. बरोबरच होतं त्याचं. या कामाशिवाय छायाला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही करावंसंही वाटत नव्हतं. सकाळी पांढरा कोट चढवला की पाठ आपोआप ताठ होते, ती ताठ पाठ दुसऱ्या कुठल्या कपड्यात तिला कधी सापडली नव्हती. जयवंताबाईंनी विचारलं, "म्हातारी वाचली ना?"

"वाचली."

"मंग?"

"मी वाचवली असं लिहिलं आहे तिथं."

जयवंताबाईंनी वाती पुन्हा हातात घेतल्या. बऱ्याच वेळानं, बाकीचे उठल्यावर, त्या छायाच्या उजव्या कानाशी येऊन म्हणाल्या, "घराचं नाव काढ त्याच्यातून." बाकी काय लिहायचं ते तुह्यावर, असं त्यांच्या हातानं सांगितलं.

रात्रभर छाया जागी राहिली असं काही झालं नाही. ती चांगली झोपली. सकाळी चहा उकळताना तिनं तो कागद ओट्यावर ठेवला, पेन घेतलं, आणि 'घरगुती कारणास्तव' या दोन शब्दांवर एकच आडवी रेघ मारली. पट्टी नव्हती, चमच्याच्या दांडीनं मारली. खालचं स्वच्छ वाचता येत होतं. समासात, बारीक पण सुटं, तिनं लिहिलं: 'मला कमी ऐकू येते. दि. १४ रोजी दुपारी चार वाजता खाट क्र. ९, आनंदाबाई, यांचे बीपी मला ऐकू आले नाही. मी न ऐकता १२०/८० लिहिले. ते चूक आहे. त्यांचे बीपी अचानक पडले नाही.' बाजूला सही, तारीख. चहा उतू गेला. तो पुसून तिनं हे सगळं दुसऱ्या प्रतीवर पुन्हा केलं, कारण पोच घ्यायला दुसरी प्रत लागते.

प्रभाकररावांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "फॉर्म खराब केला तुम्ही. दुसरा देतो, घ्या."

"खराब नाही केला जी. दुरुस्त केला. एक रेघ आहे, खालचं वाचता येते, बाजूला सही आहे, तारीख आहे. चार्टवर चुकलं तं असंच करा, असं तुमचंच सर्क्युलर वॉर्डात लागलेलं आहे."

"ते चार्टसाठी आहे."

"चार्ट तुम्ही देत नाही."

बाहेर कोणीतरी चिठ्ठीसाठी हाका मारत होतं. "छायाताई," ते म्हणाले, आवाज खाली आणून, इतका खाली की तिला ओठांवरून वाचावं लागलं, "सगळेच जण लिहितात. मी काय नवीन आहे इथं? मशीन बंद असते, पेशंट जास्त असतात, लिहून देतात एकशेवीस. तुम्ही एकट्या काऊन मरता?"

"मी मरून नाही राह्यली," ती म्हणाली, आणि नेहमीप्रमाणं तिचा आवाज मोठा निघाला, बाहेरचा हाका मारणारा माणूससुद्धा थांबला. "म्हातारी मरून राह्यली होती."

"डॉक्टरसाहेब काय म्हणतील?"

"ते जे म्हणतील ते मले ऐकू येईन. मोठ्यानं बोलतात ते."

प्रभाकररावांना हसू आलं की काय ते कळलं नाही, त्यांनी तोंडावरून हात फिरवला. अनुभवाच्या दाखल्यात हे मला लिहावं लागेल, म्हणाले. लिहा, ती म्हणाली. कोणी दुसरीकडं घेणार नाही तुम्हाला. हो, ती म्हणाली. ती खुर्चीवरून उठली नाही. एकोणीस वर्षांत प्रभाकररावांसमोर ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसली होती आणि खुर्ची बरी होती. पोच मिळेपर्यंत बसायचं एवढंच तिनं ठरवलं होतं, मग दुपार होवो. दुपार झाली नाही. साधारण दहा मिनिटांनी त्यांनी शिक्का पॅडवर दाबला, आधी रद्दीवर उठवून पाहिला, मग तिच्या प्रतीवर मारला. प्राप्त. वाकडा पडला, पण पडला.

पुढच्या महिन्याभरात तिनं कोणाचंही बीपी घेतलं नाही. टोचलं, पुसलं, बांधलं, उचललं, भरवलं, पण फुग्याला हात लावला नाही. तेवढं काम वर्षालीनं आणि बाकीच्यांनी वाटून घेतलं. सगळ्यांना सगळं कळलं होतं. काहीजणी तिच्याशी बोलताना उगीच हळू बोलू लागल्या, तिला आपण काही पाप केल्यासारखं वाटावं म्हणून की त्यांनाच वाटत होतं म्हणून, ते तिला कळेना. मोठ्यानं बोला गं, ती म्हणायची. डॉक्टर तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी राऊंड संपल्यावर थांबले. "तेव्हाच सांगायचं होतं," ते म्हणाले. "हो सर," ती म्हणाली. ते निघून गेले, आणि त्या आठवड्यात रेकॉर्डच्या शिपायानं सांगितलं की डॉक्टरांनी एक जुनी फाईल मागवून घेतली होती. कुठली ते छायानं विचारलं नाही. एवढं मात्र खरं की त्या रात्री घरी पोळी चावताना कानात दगड फुटत होते आणि तिचं तिकडं लक्ष नव्हतं. जयवंताबाईंनी तिला वरून तूप वाढलं.

शेवटच्या दिवशी तिची सकाळची पाळी होती. दोन वाजता वर्षाली आली आणि दोघी खाटेखाटेपाशी उभ्या राहिल्या. एक नंबर, टाके उद्या काढायचे. दोन नंबर, रडते पण दुखत नाही, नवरा आला नाही म्हणून रडते. चार नंबरला गोळी पाण्याबरोबर जात नाही, केळ्यात घालून दे. सहा नंबरची शीर डाव्या हाताला शोधू नको, उजव्या मनगटावर आहे, तिथं बोट ठेव. छाया सांगत होती आणि वर्षाली लिहीत होती. असे किती ओव्हर दिले असतील, पण या वेळी एकेक खाट हातातून खरोखर सुटत चालल्यासारखी तिला वाटली आणि पाच नंबरची चादर तिनं उगीचच पुन्हा खोचली. मग ती पुढं गेली. नऊ नंबरवर आता पुलगावकडची कोणी पोर होती, बाळंतपणानंतर सूज घेऊन आलेली, आई उशाशी बसलेली. "हिचं बीपी दोनला घ्यायचं आहे," छाया म्हणाली. वर्षालीनं पट्टा बांधला, नळ्या कानात घातल्या, फुगा दाबला. काटा वर गेला आणि उतरू लागला. जेवणाचे डबे घेऊन आलेल्या माणसांचा गलका, पंख्याची खरखर, बाहेर कुठंतरी पाण्याची टाकी भरल्याचा आवाज, हे सगळं छायाला ऐकू येत होतं. आई वर्षालीच्या तोंडाकडं बघत होती. "किती हाये जी?" तिनं विचारलं.

काटा शून्यावर आला. वर्षालीनं नळ्या काढल्या. पेन तिच्या हातात होतं, रकाना समोर होता. तिनं छायाकडं पाहिलं, मग त्या आईकडं.

"मले नाई ऐकू आलं," वर्षाली म्हणाली, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "गोंगाट लय आहे. गप्प बसा जी सगळे, पुन्हा घेतो."

बाराही खाटा गप्प झाल्या. वर्षालीनं पट्टा सोडून पुन्हा बांधला, चकती बोटानं नीट दाबली, आणि मान खाली घालून ऐकू लागली. त्या शांततेत छायाला काहीच ऐकू येत नव्हतं. ती वर्षालीच्या चेहऱ्याकडं बघत उभी राहिली. एका जागी वर्षालीच्या भुवया हलल्या, पुढं एका जागी पुन्हा हलल्या. तिनं आकडा लिहिला, आणि तो बरा नव्हता, म्हणून ती डॉक्टरांना सांगायला लगेच धावली. ओव्हरचे तीन नंबर राहिले होते ते छायानं कागदावर लिहून उशापाशी ठेवले.

फाटकापाशी बंडूजी चौकीदार खुर्चीवरून उठून उभे राहिले. छायाच्या हातात पिशवी होती, पिशवीत घडी केलेला कोट आणि शिक्का मारलेला कागद. "येजो सिस्टर," बंडूजी म्हणाले. सवयीनं म्हणाले, रोज म्हणायचे.

येतो, हे छायाच्याही ओठांवर आलं होतं. तिनं तो शब्द तिथंच थांबवला, वाकू लागलेल्या बंडूजींना पाया पडू दिलं नाही, स्वतःच त्यांना वाकून नमस्कार केला.

"जातो जी," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला नीट ऐकू आला.